मंगल कार्यालयाचा जनरेटर आणि प्लंबिंगची पाईप : सांगलीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीतल्या एका मंगल कार्यालयाचं. नाव सांगत नाही, मालकांना आपण आप्पा म्हणू. कार्यालय नदीपासून फार लांब नाही, त्यामुळं २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे) तेव्हा खालचा हॉल, किचन, मागच्या शेडमधला ६२.५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर सगळं पाण्यात. इंजिन खोललं, अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) वाळवून वार्निश मारलं, सेट कसाबसा उभा केला, आणि २०२१ च्या जुलैमध्ये परत तेच झालं. मग आप्पा म्हणले बास, आता हा खाली ठेवायचाच नाही. पहिल्या मजल्यावर मागच्या गच्चीत, डायनिंग हॉलच्या भिंतीला लागून खोली बांधली आणि क्रेन लावून सेट वर चढवला. हा निर्णय बरोबरच होता, त्यात काही वाद नाही.

पण सेट वर गेला म्हटल्यावर दोन गोष्टी नव्यानं लागल्या. एक म्हणजे धूर छपराच्या वर न्यायचा, आणि दुसरं म्हणजे डिझेलची जादा टाकी. सेटच्या पोटातली टाकी लहान पडायची, फुल्ल लोडवर हा सेट तासाला १२-१४ लिटर खातो आणि मांडवात कॅन घेऊन वर पळायला कुणी मोकळं नसतं. बाथरूमचं काम चालूच होतं, तो ठेकेदार म्हणाला ह्याला कशाला वेगळा माणूस, मी करतो की. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगतो. प्लंबिंग आणि ठिबकचं काम त्याचं एक नंबर आहे, म्हणूनच त्याच्या गोडाऊनला जे होतं तेच त्यानं लावलं.

लावलं काय ते बघा. डिझेलसाठी ५०० लिटरची काळी पाण्याची टाकी, खोलीत जमिनीवरच. टाकीतून इंजिनाकडं पाऊण इंची पांढरी पीव्हीसी पाईप, जोड सोल्युशननं चिकटवलेले, शेवटचे दोन फूट दोऱ्याची जाळी असलेला पारदर्शक प्लास्टिक होज आणि त्याला क्लिप. इंजिनाकडून परत येणाऱ्या डिझेलला, म्हणजे रिटर्न लाईनला, १६ मिलिमीटरची ठिबकची लॅटरल, जी आपल्याकडं प्रत्येक द्राक्षबागेत पसरलेली असते ती. आणि धुरासाठी सायलेन्सरच्या पुढं चार फूट लोखंडी पाईप, तिथून पुढं ड्रेनेजला वापरतात ती सहा इंची पीव्हीसी, डायनिंग हॉल आणि टॉयलेटच्या मधल्या डक्टमधून (पाईपा न्यायला सोडलेल्या उभ्या पोकळीतून) सरळ वर.

अडचण कशी वाढत गेली

आप्पांनी विचारलं नव्हतं असं नाही. प्लास्टिक डिझेलला टिकेल का म्हणून विचारलं, तेव्हा ठेकेदारानं पीव्हीसीचा तुकडा डिझेलच्या बाटलीत टाकून आठवडाभर ठेवला आणि काढून दाखवला, जसाच्या तसा. ही टेस्ट खोटी नव्हती. कडक पीव्हीसी साध्या तापमानाला डिझेलमध्ये लगेच विरघळत वगैरे नाही. पण बाटलीतल्या तुकड्यावर दाब नव्हता, त्याला चिकटवलेला जोड नव्हता, त्याला इंजिनाचा हादरा बसत नव्हता आणि त्याच्यातून गरम डिझेल फिरत नव्हतं. धुराच्या पाईपचीही ट्रायल घेतली, सेट दहा मिनिटं चालवला, पाईपला हात लावला, कोमट. पास.

इथंच सगळी मेख आहे. ती ट्रायल लोडशिवाय होती. बिनलोडचं डिझेल इंजिन फारसं तापत नाही, धूर सव्वाशे-दीडशे अंशांच्या आसपास असतो आणि पाईपच्या पत्र्यात बरीच उष्णता जाते. तेच इंजिन पूर्ण लोडवर आलं की धूर ४५० च्या पुढं जातो. आणि पीव्हीसी? ६० अंशांच्या वर ती दाबाखाली वापरायचीच नसते आणि ८० च्या आसपास मऊ पडायला लागते. म्हणजे चुकून टिकेल असाही प्रश्न नव्हता, फक्त लोड कधी येतो एवढंच बाकी होतं.

तुळशीच्या लग्नानंतर सीझन चालू झाला. पहिल्या मोठ्या लग्नात लाईट गेली ती पंधरा-वीस मिनिटंच, पण तेवढ्यात लोखंड आणि पीव्हीसीचा जिथं जोड होता तो बेंड खाली लोंबला आणि जळकट वास सुटला. ठेकेदार आला, बघितलं, म्हणाला लोखंड कमी पडलं, अजून वाढवू, पुढं जाईपर्यंत धूर गार होतो. चार फुटांचं दहा फूट केलं. ऐकायला पटतं बघा, आप्पांनाही पटलं. परत ट्रायल, परत बिनलोडची, परत पास. हिवाळ्यात एसी कुणी लावत नाही त्यामुळं अर्ध्या लोडवर थोडाथोडा वेळ चालून ते तसंच निभावलं.

दरम्यान डिझेलच्या बाजूला वेगळंच सुरू झालं होतं. सेट मधेच हंटिंग करायचा, म्हणजे आरपीएम वरखाली, हॉलमधले दिवे श्वास घेतल्यासारखे कमीजास्त. मेकॅनिकनं फिल्टर बदलले, मग फ्युएल पंप काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून माप जुळवायला, पाठवला, बिल झालं, दोन लग्नं बरी गेली, परत तेच. गंमत अशी की टाकी भरलेली असली की सेट व्यवस्थित चालायचा पण क्लिपच्या खाली जमिनीवर डिझेलचा डाग दिसायचा, आणि टाकी अर्ध्याच्या खाली गेली की डाग बंद आणि हंटिंग चालू. वॉचमनला हे पाठ झालं होतं, तो टाकी अर्ध्यावर आली की भरूनच ठेवायचा. कारण काय ते त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

मग आला वैशाख. दुपारचा मुहूर्त, सगळे एसी, किचनची मशीन, लिफ्ट, साउंड, आणि लाईट गेली ती दोन तास. डक्टमधली पीव्हीसी मऊ होऊन आतल्या आत चपटी झाली, धुराला वाट राहिली नाही, इंजिन गुदमरलं, काळा धूर काढायला लागलं. जोड सुटला आणि धूर डक्टमध्ये. डक्टची एक खिडकी डायनिंग हॉलच्या हात धुवायच्या जागेत उघडते. तिथून काळ्या धुराबरोबर पांढरट, झोंबणारा धूर आत आला, पंगत उठली, लोक डोळे चोळत जिन्याकडं. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं आणि ती तापून करपली की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, डोळे-घसा जळतो तो त्यानं. मॅनेजरनं पाच-सात मिनिटं ‘आत्ता लाईट येईल’ म्हणून वाट बघितली आणि मग सेट बंद केला. कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. पण वधूपक्षाशी जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खोलीत काय सापडलं

आमच्याकडं हे दुरुस्तीचं काम आलं ते ह्यानंतर. सेट गार होता, आम्ही धुराचं राहू दे म्हणून आधी डिझेलच्या लाईनीला हात घातला. पारदर्शक होज दाबला तर दबेना, काडीसारखा कडक आणि पिवळा. असा होज मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर घातलेलं असतं, डिझेल ते हळूहळू ओढून घेतं आणि होज कडक होऊन आक्रसतो. क्लिपखाली बारीक फट पडली होती. आता हंटिंगचा हिशोब लावा. टाकी जमिनीवर, इंजिनाचा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) साधारण टाकीच्या निम्म्या उंचीवर. टाकी भरलेली असेल तर डिझेल पंपाच्या वर, फटीतून ते बाहेर येतं, डाग पडतो. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की पंप ओढायला लागतो, मग त्याच फटीतून हवा आत जाते. फ्युएल पंपाचा ह्यात काही संबंधच नव्हता, तो बिचारा उगाच खोलला गेला.

रिटर्नची लॅटरल बघण्यासारखी होती. लावताना ती भिंतीला सरळ क्लॅम्प केलेली, आता दर दोन क्लॅम्पच्या मधे तिनं झोका घेतला होता. पॉलिथिन डिझेल पिऊन फुगतं, पाईप लांबीलाही वाढते आणि मऊ पडते, त्यात इंजिनातून परत येणारं डिझेल हाताला चांगलं गरम लागतं. टाकीजवळच्या काटेरी जोडावरून ती नुसत्या बोटानं निघाली. आणि ती लोंबलेली लॅटरल जात होती कुठून, तर धुराच्या उघड्या लोखंडी पाईपच्या बरोबर वरून. हे बघून आम्ही दोघं-तिघं जरा गप्पच झालो. डिझेल ठिणगीशिवाय स्वतःहून पेट घेतं ते तापमान २१० ते २५० अंशांच्या पट्ट्यात धरतात. नंतर सेटला लोडबँक (खोटा लोड देणारं यंत्र) लावून पाईपवर टेम्परेचर गन मारली, दहा फूट लोखंड संपतं तिथं नुसता पत्राच अडीचशेच्या आसपास दाखवत होता, आतला धूर त्याहून गरम. म्हणजे दहा फुटांत गार होतो ह्या बोलण्यात किती दम होता ते दिसलंच, आणि लॅटरल अजून महिनाभरानं निघाली असती तर हे प्रकरण धुराचं न राहता आगीचं झालं असतं.

पॅनेल उघडल्यावर अजून एक दिसलं, कॉन्टॅक्टरच्या (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) तांब्यावर हिरवट थर आणि स्क्रू नव्यानं गंजलेले. तीच आम्लाची वाफ. हे लगेच कळत नाही, काही महिन्यांनी कॉन्टॅक्ट जळायला लागतात तेव्हा लोक महावितरणला शिव्या घालतात.

पर्याय काय काय होते

डिझेलच्या लाईनीवर बरीच चर्चा झाली कारण प्रत्येकाकडं एक सल्ला होता. ठेकेदाराचा मुद्दा, पेट्रोल पंपावर जमिनीखाली प्लास्टिकच्याच पाईपा असतात की. असतात, खरंय. पण त्या शेतातल्या एचडीपीई (साध्या पॉलिथिनच्या) पाईपा नव्हेत, त्यांना आतून इंधन झिरपू न देणारा वेगळा थर असतो, जोड इलेक्ट्रोफ्युजननं वितळवून केलेले, आणि त्या जमिनीखाली गारव्याला असतात. गाडीची डिझेल टाकीही प्लास्टिकचीच असते, तीही इंधनासाठी म्हणून बनवलेली. प्लास्टिक नको असं आमचं म्हणणं नव्हतंच, कुठलं प्लास्टिक हा प्रश्न होता. ट्रकच्या स्पेअरपार्टच्या दुकानात नायलॉन-१२ ची नळी मिळते, ती डिझेलला वर्षानुवर्षं टिकते, ट्रकला तीच असते. आम्ही तिचा गंभीरपणे विचार केला. अडलं ते दोन गोष्टींवर, कार्यालयात घुशी-उंदीर भरपूर, आणि खोलीत उघड्या गरम वस्तू. आग लागली तर लोखंडी पाईप थोडा वेळ तरी धरते, नायलॉन लगेच वितळून डिझेल सोडतं.

जीआय पाईप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, आप्पांच्या मनात होती, गंजत नाही म्हणून. नको म्हणलं. जस्ताचं डिझेलमधल्या आम्लांशी जमत नाही, साबणासारखा चिकट गाळ होतो आणि तो फिल्टर-इंजेक्टरला जाऊन बसतो. तांब्याची नळी एसीवाला लावून द्यायला तयार होता. तांबं डिझेलला लवकर जुनं करतं, डिंकासारखं होतं. जो सेट रोज चालतो, डिझेल रोज नवं येतं, तिथं एकवेळ चालून जाईल, पण कार्यालयाचा सेट चातुर्मासात चार महिने नुसता उभा. तेच डिझेल त्याच नळीत. म्हणून ते पण बाद.

राहिली साधी काळी एमएस पाईप, म्हणजे मुलामा नसलेली लोखंडी. दिसायला सगळ्यात गरीब आणि बाहेरून रंग नाही मारला तर गंजते, पण आत डिझेल असलं की आतून काही होत नाही.

धुरासाठी सीपीव्हीसीचं (जादा क्लोरीन घातलेल्या पीव्हीसीचं) नाव निघालं, गरम पाण्याची असते म्हणून. ती नव्वदीच्या घरात थांबते, इथं साडेचारशे. सिमेंटची पाईप जड, हादऱ्यानं तडकते. मालकांच्या मुलानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, बोटीच्या डिझेल इंजिनाचा धूर रबरी आणि प्लास्टिकच्या होजमधून निघतोय. व्हिडिओ खराच होता. बोटीत इंजिन थंड करून आलेलं पाणी धुरातच सोडतात, त्यामुळं धूर इतका गार होतो की होज टिकतो, आणि ते काजळीचं पाणी समुद्रात जातं. आपण गच्चीवर ते पाणी आणायचं कुठनं आणि सोडायचं कुठं. शिवाय पाणी एक मिनिट बंद पडलं तर होज गेलाच. पोरगं हुशार आहे, लगेच समजलं त्याला.

काय केलं

धुराचा मार्गच बदलला. डक्ट सोडून दिला, मागच्या भिंतीच्या बाहेरून एमएस पाईप वर नेली. सायलेन्सरच्या आधी स्टीलचा बेलो (घड्यांचा लवचिक जोड) बसवला, कारण इंजिन हलतं आणि एवढ्या तापमानाला लोखंड मीटरमागं ५ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, ती वाढ कुठंतरी जिरली पाहिजे. पाईपचं वजन इंजिनावर न टाकता भिंतीला सपोर्ट दिले. लांबी वाढली म्हणून लोखंडी पाईपचा व्यास तीन इंचाचा चार केला आणि बेंड दोनच ठेवले. नाहीतर बॅकप्रेशर, म्हणजे धूर अडून इंजिनावर येणारा उलटा दाब, वाढतं, बऱ्याच इंजिनांना त्याची मर्यादा ७५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दिलेली असते. आम्ही फुल्ल लोडवर गेज लावून बघितलं, निम्म्याहून कमी आलं. खोलीत आणि हात पोचेल तिथपर्यंत पाईपला मिनरल वूल गुंडाळून वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, भिंतीतून जाते तिथं मोठी स्लीव्ह, तळाला पाणी काढायला प्लग. वरचं टोक किती उंच न्यायचं ह्याला प्रदूषण मंडळाचं सूत्र आहे, इमारतीच्या उंचीत ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ मिळवायचं, ६२.५ ला ते १.५८ मीटर येतं. म्हणजे छपरावर पाच फुटांपेक्षा थोडं जास्त.

डिझेलला एमएस टाकी, आतून जस्त नाही की रंग नाही, तळाला उतार आणि पाणी सोडायला कॉक, खाली टाकीपेक्षा मोठा पत्र्याचा ट्रे. सप्लाय आणि रिटर्न काळ्या एमएसमध्ये, इंजिनाजवळ फक्त फूट-दीड फूट इंधनाचा रबरी होज, कारण तिथं हादरा असतो. पाईपच्या चुड्यांना (आट्यांना) टेफ्लॉनची टेप लावायची नाही हे फिटरला दोनदा सांगावं लागलं, तिचे धागे फिल्टरला जातात, त्याऐवजी डिझेल चालणारं सीलंट. सगळं अर्थिंगला जोडलं. प्लास्टिकमधून डिझेल वाहताना स्थिर वीज साठते आणि तिला जायला वाट नसते, लोखंडात तो प्रश्न अर्थिंगनं सुटतो.

टाकी ५०० लिटरचीच ठेवली. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेलसारखं क्लास बी इंधन एकूण २५०० लिटरपर्यंत, आणि एका भांड्यात १००० लिटरपेक्षा जास्त नाही, असं बिनपरवाना ठेवता येतं, त्यामुळं तिकडून अडचण नव्हती. विमा कंपनीला मात्र कळवायला लावलं.

पुढं काय झालं

काम झाल्यावर ट्रायल लोडवर घेतली, हॉलचे सगळे एसी, लिफ्ट, किचन लावून तासभर, आणि टाकी मुद्दाम पाव भरलेली ठेवून. हंटिंग नाही. चातुर्मासानंतर सीझन चालू झाला तेव्हा पहिल्या स्टार्टला फिल्टर स्वच्छ होता.

खर्चाचं सांगायचं तर प्लास्टिकचं सगळं काम काही हजारांत झालं होतं, दुसऱ्यांदाचं लाखाच्या घरात गेलं, त्यात पंपाचं फुकटचं कॅलिब्रेशन आणि पॅनेलचे कॉन्टॅक्टर धरलेले नाहीत. ठेकेदारानं आपल्या मजुरीचे पैसे परत केले, आप्पांनी मटेरियलचं सोडून दिलं, दोघांचं अजून बोलणं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते खरा मोका पहिल्या बेंडच्या वेळी गेला. पंधरा मिनिटांत पाईप लोंबली म्हणजे तिथलं तापमान पीव्हीसीच्या हद्दीबाहेर आहे हे तिनं स्वतःच सांगितलं होतं. तेव्हा दीडशे रुपयांची टेम्परेचर गन नसेना का, नुसतं सगळे एसी लावून सेट अर्धा तास चालवला असता तरी डिसेंबरमध्येच, रिकाम्या हॉलमध्ये, ही पाईप चपटी झाली असती. दीडशे मी उगाच म्हणलो, हजार-दीड हजार धरा, तरी पंप कॅलिब्रेशनपेक्षा स्वस्त.

दुसरं, वॉचमनला विचारायला हवं होतं. टाकी अर्धी झाली की सेट बिघडतो हे वाक्य मेकॅनिकच्या कानावर पहिल्या दिवशी पडलं असतं तर पंप खोललाच गेला नसता.

तिसरं मॅनेजरचं. धूर आत आल्यावर पाच-सात मिनिटं थांबणं चुकीचंच. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नसतो, झोंबणाऱ्या धुरानं लोकांना उठवलं हे एका अर्थी बरंच झालं. पण त्याला दोष किती द्यायचा, सेट बंद कर असं त्याला कुणी आधी सांगितलेलंच नव्हतं आणि समोर दोनशे माणसं जेवत होती. आता बंद करायचं लाल बटण खोलीच्या बाहेर, जिन्याजवळ काढलंय आणि विचारायची गरज नाही असं सांगून ठेवलंय.

टाकी वरच ठेवायची का ह्यावर मात्र आमचं एकमत नाही. जेवणाच्या हॉलच्या भिंतीपलीकडं ५०० लिटर डिझेल मला आवडत नाही, मी म्हणत होतो पोटातली टाकी आणि वर एक कॅन एवढंच ठेवा, पूर येईल तेव्हाचं तेव्हा बघू. आप्पांचं म्हणणं पुरात रस्ता बंद असतो, डिझेल आणणार कोण, आणि २०१९ ला त्यांच्या गल्लीतली माणसं त्याच हॉलच्या वरच्या मजल्यावर राहिली होती. ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मधली भिंत नऊ इंची वीट आणि दार लोखंडी एवढं करून घेतलं.

ती जुनी काळी टाकी आप्पा गच्चीवर पाण्याला वापरणार होते. डिझेल प्लास्टिकात मुरलेलं असतं, कितीही धुतलं तरी पाण्याला उतरतं, म्हणून भोक पाडूनच भंगारात दिली, नाहीतर कुणीतरी विकत घेऊन तेच केलं असतं.